कापसाचा चुकारा आणि घराचं कर्ज: वीस वर्षांचं कर्ज तेरा वर्षांत कसं फेडायचं

2023 च्या जूनमध्ये, पेरणीच्या घाईत, मी बँकेतून घरकर्जाचा उतारा काढून आणला. आयकराच्या विवरणपत्रासाठी व्याजाचा दाखला हवा होता, त्यासोबत उताराही मिळाला. रात्री जेवणं आटोपल्यावर तो नीट पाहिला. कर्ज 2021 च्या जूनमधलं, 12 लाखांचं, 20 वर्षांसाठी. 24 हप्ते भरून झाले होते, म्हणजे 216 उरायला हवे होते. उताऱ्यावर उरलेले हप्ते होते 290. दोन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला आणि कर्ज सहा वर्षांनी लांबलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, ‘मॅडम, रेपो वाढला. थोडा हप्ता वाढवला, बाकी मुदतीवर टाकलं.’ ते खरंच होतं. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर. मे 2022 च्या सुरुवातीला तो 4 टक्के होता, तो फेब्रुवारी 2023 मध्ये 6.5 टक्क्यांवर गेला. माझा व्याजदर 7 वरून 9.5 झाला. हप्ता 9,304 वरून 10,200 झाला तो कळला, कारण तो दर महिन्याला खात्यातून कटतो. मुदत वाढलेली मात्र कुठे कटत नाही, म्हणून दिसतही नाही.

आमची पाच एकर कोरडवाहू शेती आहे हिंगणघाट तालुक्यात. शेती यजमान आणि मामाजी, म्हणजे सासरे, पाहतात, मी खासगी शाळेत शिकवते. कर्ज लवकर फेडण्याचे बहुतेक सल्ले महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. आपल्याकडे पैसा असा येत नाही. सोयाबीनचा दसरा-दिवाळीला, कापसाचा वेचणीप्रमाणे डिसेंबर ते फेब्रुवारीत, तुरीचा आणि हरभऱ्याचा त्याच्या मागोमाग. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बहाराला. मग जूनपासून सप्टेंबरपर्यंत फक्त जातो. बँक मात्र दर महिन्याच्या 5 तारखेला हात पुढे करते. म्हणून आपल्या घरकर्जाची गुरुकिल्ली एकच आहे: पीक विकल्याचा चुकारा ज्या आठवड्यात येतो त्याच आठवड्यात त्यातला ठरलेला वाटा मुद्दलात गेला पाहिजे. पुढचं सगळं हे नीट कसं करायचं त्याबद्दल आहे.

आधी कागद हातात घ्या

बँकेतून तीन कागद मागा: मंजुरीपत्राची प्रत, कर्जखात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा आणि परतफेडीचं आजचं वेळापत्रक. त्यातून चार गोष्टी एका वहीत उतरवून घ्या. आजची शिल्लक मुद्दल. आजचा व्याजदर. उरलेले हप्ते. आणि व्याजदराचा प्रकार.

हा प्रकार महत्त्वाचा. ऑक्टोबर 2019 नंतर बँकेतून बदलत्या दराने घेतलेलं घरकर्ज बहुधा रेपोशी जोडलेलं असतं. त्याआधीचं असेल तर ते एमसीएलआर किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर, म्हणजे बँक स्वतःच्या हिशेबाने ठरवते त्या दरावर, अडकलेलं असू शकतं, आणि तिथे दर उतरला तरी तो तुमच्यापर्यंत उशिरा पोचतो. काहींचा दर स्थिर असतो. पतसंस्थेचं कर्ज असेल तर तो वेगळाच मामला. पतसंस्था सहकार कायद्याखाली चालतात, रिझर्व्ह बँकेचे नियम त्यांना लागू नाहीत. मुदतीआधी भरण्याचं शुल्क वगैरे सगळं तुमच्या करारपत्रात काय लिहिलं आहे त्यावर ठरतं, म्हणून ते करारपत्र ओळ न ओळ वाचा.

बँकेच्या बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतीआधी पैसे भरले म्हणून दंड लावता येत नाही. हा नियम 2012 पासूनचा आहे. शिवाय ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की दर बदलल्यावर हप्ता वाढतो की मुदत, हे कर्जदाराला कळवायचं आणि निवड त्याला करू द्यायची. म्हणजे माझ्यासारखं झालं असेल तर तुम्ही आज अर्ज देऊन ‘माझी मुदत मूळ ठेवा, हप्ता वाढवा’ असं सांगू शकता.

हप्त्यातला पैसा जातो कुठे

पुढच्या सगळ्या हिशेबासाठी एकच उदाहरण घेते: 12 लाख, 9 टक्के, 20 वर्षं. हप्ता येतो 10,797 रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज होतं बरोबर 9,000. म्हणजे पहिल्या हप्त्यातले 1,797 रुपये फक्त मुद्दलात गेले. असं करत दहा वर्षं झाली की तुम्ही जवळपास 13 लाख भरलेले असता आणि मुद्दल उरलेली असते 8 लाख 52 हजार. अर्धी मुदत सरली, पण कर्ज अर्धंही फिटलं नाही. पूर्ण वीस वर्षांत व्याजच जातं सुमारे 13 लाख 91 हजार.

म्हणूनच जादा पैसे जितके लवकर भराल तितके ते जास्त काम करतात. याच कर्जात पहिल्या वर्षाच्या शेवटी एकदाच 1 लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर 43 हप्ते कमी होतात आणि सुमारे 3 लाख 67 हजार व्याज वाचतं. तेच 1 लाख दहाव्या वर्षाच्या शेवटी भरले तर 21 हप्ते आणि सुमारे 1 लाख 27 हजार. रक्कम तीच, फरक फक्त वर्षांचा. पोराच्या लग्नाला, मग पुढच्या साली, मग विहीर झाल्यावर, असं ढकलत गेलं की हा फरक आपण बँकेला देऊन टाकतो.

घरकर्जाच्या आधी काय फेडायचं

हा भाग मी सगळ्यात मनापासून सांगते, कारण इथे चुकलं तर बाकीचं सगळं वाया.

घरकर्ज हे आपल्या घरातलं बहुधा सगळ्यात स्वस्त कर्ज असतं. सावकाराचे तीन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला 36 टक्के. ते डोक्यावर असताना 9 टक्क्यांच्या कर्जात जादा पैसे भरू नका. कृषी केंद्राची उधारीही धरा. बियाणं-खत उधारीवर घेतलं की दुकानदार भाव चढवून लावतो, आणि ते व्याज पावतीवर दिसत नाही म्हणून आपण ते मोजत नाही. एका साली आम्ही खताच्या पिशवीमागे नगदी आणि उधारीचा फरक वहीत लिहून ठेवला, तेव्हा मामाजींनाही पटलं की आधी हे बंद करायचं. त्यानंतर सोनेतारण, क्रेडिट कार्ड, गाडीचं कर्ज.

पीककर्जाचं उलट आहे. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून व्याजाचा भार जवळपास राहत नाही. पण थकलं की सवलत गेली, पुढच्या हंगामाचं कर्ज अडलं, आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडलं ते वेगळं. म्हणून पीककर्ज कधीही थकवून घरकर्जात पैसे टाकू नका.

आणि तिसरं, खरिपाचा पैसा. बियाणं, खत, डवरणी, निंदण, फवारणी यांचा गेल्या वर्षीचा खर्च वहीतून काढा आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवा. त्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे घरकर्जाचे हप्ते मिळवा. आमच्याकडे ही रक्कम एका वेगळ्या बचत खात्यात असते, त्याचं एटीएम कार्ड आम्ही घेतलेलंच नाही. मामाजी म्हणतात, ‘बाई, पऱ्हाटीच्या पैशाले पाय असतेत. घरात आला का निंगाला.’ दुबार पेरणीची वेळ आली की या खात्याची किंमत कळते. पावसाळ्यात एक हप्ता जरी परत गेला तरी बँकेचा दंड बसतो आणि त्याची नोंद सिबिलमध्ये राहते, म्हणून हे चार हप्ते जादा भरण्याआधी येतात.

व्याजदर उतरवून घ्या

एकही रुपया जादा न भरता कर्ज कमी करण्याचा हा मार्ग आहे, आणि त्याकडे फार कमी लोक पाहतात. 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर 6.5 वरून 5.5 टक्क्यांवर आला. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरतो, म्हणजे हा उतार तुमच्या उताऱ्यावर दिसायला हवा. दिसत नसेल तर तुमचं कर्ज जुन्या पद्धतीचं असू शकतं. शाखेत जाऊन ते रेपोवर बदलून द्यायला सांगा. थोडं शुल्क लागतं, ते विचारून घ्या.

दर उतरला की बँक कधी कधी हप्ता कमी करून देते. तो घेऊ नका. हप्ता होता तोच ठेवायला सांगा. आपल्या उदाहरणात दर 9 वरून 8.5 झाला आणि हप्ता 10,797 च राहिला, तर 20 हप्ते कमी होतात.

तुमची बँक ऐकत नसेल तर कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येतं. पण नव्या बँकेची प्रक्रिया फी, वकिलाचा शोध अहवाल, मुद्रांक शुल्क हे सगळं आधी लिहून काढा. दरात निदान अर्ध्या टक्क्याचा फरक असेल आणि बरीच वर्षं उरली असतील तरच हा खटाटोप करा, असं माझं मत. पतसंस्थेतलं कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेत नेण्यात मात्र मोठा फायदा होऊ शकतो, त्यासाठी जागेचे कागद पक्के हवेत. गावठाणातल्या घराचा फक्त ग्रामपंचायतीचा नमुना 8 असेल तर पुष्कळ बँका अडतात. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळालं असेल तर ते सोबत न्या.

चुकारा आला की

समजा वर्षातून एकदा, जानेवारीच्या शेवटी, 30 हजार रुपये मुद्दलात भरायचं ठरवलं. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल आहे, म्हणजे ही चार क्विंटल कापसाच्या आतली रक्कम झाली. आपल्या उदाहरणातलं 20 वर्षांचं कर्ज यामुळे 13 वर्षांत फिटतं. बारा वेळा मिळून जादा भरले 3 लाख 60 हजार, आणि व्याज वाचलं सुमारे साडेपाच लाख. सात वर्षांचे हप्ते गेले.

पहिल्या वर्षी मी इथेच फसले. जानेवारी 2024 मध्ये कापसाचे पैसे आले, मी 40 हजार रुपये कर्जखात्यात भरले आणि समाधानाने घरी आले. पुढच्या तीन महिन्यांत माझा हप्ताच कटला नाही. बँकेने ते पैसे आगाऊ हप्ते म्हणून धरले होते. मुदत तीच, वेळापत्रक तेच, माझ्या 40 हजारांनी कर्जाची लांबी इंचभरही कमी केली नाही. दुरुस्त करून घ्यायला तीन चकरा लागल्या.

तेव्हापासून मी पैसे भरताना अर्ज देते, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर शिक्का व तारीख घेते. मजकूर असा:

‘माझ्या गृहकर्ज खात्यात आज जमा केलेले रु. 40,000 थेट मुद्दलात वळते करावेत. ही रक्कम पुढील हप्त्यांचे आगाऊ पैसे समजू नये. मासिक हप्ता आहे तोच ठेवून शिल्लक मुदत कमी करावी आणि परतफेडीचे नवे वेळापत्रक द्यावे.’

यातलं तिसरं वाक्य विसरू नका. बँकेकडे दोन पर्याय असतात, हप्ता कमी करणं किंवा मुदत कमी करणं, आणि व्याज खरं वाचतं ते मुदत कमी केल्यावर. मोबाइल ॲपवरून भरत असाल तर तिथेही ‘पार्ट पेमेंट’ असा वेगळा पर्याय असतो, साध्या हप्त्याच्या बटणावर बोट ठेवू नका. आठवडाभराने नवं वेळापत्रक काढून उरलेले हप्ते मोजा. कमी झाले नसतील तर शिक्क्याची प्रत घेऊन लगेच जा.

केव्हा भरायचं? बहुतेक बँकांत व्याज रोजच्या शिल्लकीवर लागतं, म्हणजे चुकारा आला त्या दिवशी भरणं सर्वांत बरं. काही ठिकाणी महिन्याच्या हिशेबाने लागतं, तिथे हप्त्याच्या तारखेआधी भरावं. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस दिला तर पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. ते खातं आणि हप्त्याचं खातं एकच असेल तर काम सोपं होतं. अडत्याकडे माल घातला तर विक्रीच्या पट्टीवर तारीख लिहून घ्या आणि चुकारा वेळेत मागा, कारण तो वापरतो त्या दिवसांचं व्याज आपण घरकर्जावर भरत असतो.

साल खराब गेलं, बोंडअळीने किंवा परतीच्या पावसाने नेलं, तर काही भरू नका. मनाला लावून घेऊ नका. हे स्वतःहून भरायचे पैसे आहेत, एक साल चुकलं तर दंड नाही. फक्त कर्ज काढून भरू नका.

महिन्याच्या पैशातून थोडं

घरात एखादा पगार, शिलाईकाम, दूध किंवा दुकान असेल तर महिन्याचा हप्ताच थोडा वाढवून घ्या. उदाहरणातल्या कर्जावर महिन्याला फक्त 1,000 रुपये जादा भरले तर कर्ज 16 वर्षं 1 महिन्यात संपतं आणि सुमारे 3 लाख 18 हजार व्याज वाचतं. हा पैसा कुठून येईल? पीएम किसान आणि नमो शेतकरी या दोन्ही योजनांचे मिळून वर्षाला 12 हजार होतात. महिन्याला बरोबर हजार. आमच्या घरी ते आता थेट इथेच जातात, आधी ते कधी आले आणि कशात गेले ते कळत नसे. भिशी लागली की तिचाही वाटा ठरलेला आहे.

एक पर्याय कास्तकाराच्या घराला विशेष जमतो, ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं घरकर्ज. यात कर्जखात्यातच जादा पैसे ठेवता येतात. ठेवले तेवढ्या रकमेवर त्या दिवसांचं व्याज लागत नाही, आणि गरज पडली की ते काढताही येतात. म्हणजे जानेवारीत आलेला खरिपाचा पैसा जूनपर्यंत इथे ठेवून व्याज वाचवायचं आणि मृगाआधी काढून बियाणं आणायचं. सगळ्या बँका हे देत नाहीत, दरही थोडा जास्त असू शकतो. आणि ज्या घरात पैसा हातात आला की खर्च होतो त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. आम्ही घेतलं नाही, आम्हाला मुद्दलात भरून मोकळं होणं बरं वाटतं.

आयकराचा मुद्दा

‘कर्ज ठेवा, करात सूट मिळते,’ असं शाळेत मला अनेकदा सांगितलं गेलं. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या कर्जावर व्याजाची 2 लाखांपर्यंत आणि मुद्दलाची 80 सी च्या 1.5 लाखांत वजावट मिळते, हे खरं. नव्या करप्रणालीत राहत्या घराला ती नाही. शेतीचं उत्पन्न तर करमुक्तच, त्यामुळे फक्त शेतीवर चालणाऱ्या घराला या सवलतीचा उपयोग नाही. आणि 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचाही 1 लाख व्याजामागे जेमतेम 21 हजार कर वाचतो, उरलेले 79 हजार जातातच.

शेवटचा हप्ता भरल्यानंतर

माझ्या दिरांनी घरकर्ज फेडलं, ‘येणे बाकी नाही’ असं पत्र घेतलं आणि ते पेटीत ठेवलं. सहा वर्षांनी प्लॉट विकायला काढला तेव्हा घेणाऱ्याने सातबारा पाहिला. इतर हक्कात बँकेचा बोजा तसाच होता. मधल्या काळात ती शाखा दुसऱ्या शाखेत मिसळली होती, जुनी फाईल सापडेना, आणि सौदा दोन महिने लोंबकळला.

म्हणून कर्ज संपतं तेव्हा काम संपत नाही. बंद करण्याआधी बँकेकडून त्या तारखेची अखेरची रक्कम लेखी घ्या, म्हणजे मागून दीडशे-दोनशेची बाकी निघत नाही. कर्ज घेताना दिलेल्या मूळ कागदांची यादी शोधून ठेवा आणि परत मिळालेला एकेक कागद तिच्याशी ताडून पाहा: खरेदीखत, इंडेक्स 2, अकृषिक आदेश, नकाशा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पूर्ण फेड झाल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि तारणाची नोंद काढायची. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. 1 डिसेंबर 2023 पासून हे लागू आहे. अर्जात हा नियम लिहिला की काम लवकर हलतं, हा अनुभव आहे. गहाणखत नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधकाकडे ते सोडवल्याचा दस्तही नोंदवून घ्या.

मग बोजा. अकृषिक प्लॉट असेल तर बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीवरूनही तो करता येतो. फेरफार पडतो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीत नमुना 8 वरची नोंद काढून घ्या, मालमत्ता पत्रक असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात. दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून कर्जखातं ‘बंद’ दिसतं का ते पाहा, आणि सातबाऱ्याची नवी प्रत काढून इतर हक्काचा रकाना स्वतः वाचा. बँकेचं नाव तिथे राहिलं नसेल तर ती प्रत खरेदीखतासोबत ठेवून द्या.